चढाचं बटण

ट्रेडमिल हल्ली गावोगावच्या घरांत आली आहे. कुणाकडे गॅलरीत, कुणाकडे हॉलमधला सोफा सरकवून, तर आमच्यासारख्यांकडे चक्क देवघराच्या भिंतीला लागून. तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालण्याचे विनोद करून करून जुने झाले, तेव्हा ते सोडून देऊ. ज्या घरांत ती खरोखर चालू असते त्या घरांबद्दल मला बोलायचंय. तिथे गेलात तर नीट पाहा. वेगाच्या बटणावरचा बाण बोटं लागून लागून पुसट झालेला असतो, आणि ज्यावर 'इन्क्लाइन' असं लिहिलेलं असतं ते दुसरं बटण मात्र कालच दुकानातून आणल्यासारखं कोरं करकरीत. हे कशासाठी असतं हो, असं विचारलं तर "ते ना, चढासाठी," एवढंच उत्तर मिळतं. आणि चढ कशाला हवाय? आपल्याला तर नुसतं चालायचंय!

आमच्याकडेही तसंच होतं. आमच्या ह्यांनी मशीन घेतलं ते हौस म्हणून मुळीच नाही. माझे सासरे बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. हे तेव्हा कॉलेजात होते. त्यामुळे चाळिशी उलटली तसा ह्यांच्या मनात एक हिशेब सुरू झाला. तो ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण बायकोला कळायचं ते कळतंच. मशीन घरी आलं आणि ह्यांनी नेम धरला. रोज पहाटे चाळीस मिनिटं, वेग ताशी साडेपाच किलोमीटर, चढ शून्य. सणवार असो, पाहुणेरावळे असोत, नेम चुकायचा नाही. "अहो, आज तरी झोपा जरा," असं मी म्हटलं की म्हणायचे, "अगं, ही माझी विम्याची पॉलिसी आहे. हप्ता चुकवून कसं चालेल?"

गेल्या जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत ह्यांचा रक्तदाब थोडा जास्त निघाला आणि डॉक्टरांनी टीएमटी करून घ्यायला सांगितली. ही टीएमटी म्हणजे काय, तर छातीला वायरी चिकटवून ट्रेडमिलवर चालवायचं आणि चालताना हृदयाचा आलेख कसा येतो ते बघायचं. मला आत एका कोपऱ्यात उभं राहू दिलं होतं. ह्यांना तर अगदी घरच्या मैदानावर खेळायला आल्यासारखं वाटत होतं. पट्टा सुरू झाला, समोर वेगाचा आकडा आला २.७, आणि हे माझ्याकडे बघून हसलेच. "एवढ्या हळू तर आमची आई चालते," असं तिथल्या मुलीला म्हणाले. ती काही बोलली नाही. तिला पुढचं माहीत होतं.

तीन मिनिटांनी वेग चार झाला. आणखी तीन मिनिटांनी साडेपाचच्या आसपास, म्हणजे ह्यांचा रोजचाच. आणि त्या रोजच्या वेगाला हे जेमतेम मिनिटभर टिकले. चेहरा लालबुंद, हात दांडीवर घट्ट, शब्द तोंडातून फुटेना. सातव्या मिनिटाला "थांबवा" म्हणून खूण केली. मी त्या कोपऱ्यात उभी होते ती कशी उभी होते हे माझं मला माहीत. बावन्न हा आकडा डोळ्यांपुढून हलेना.

आलेख चांगला निघाला. अडथळ्याची काही खूण दिसत नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण पुढे ते म्हणाले, "ह्यांच्या वयाला निदान तिसरा टप्पा पुरा व्हायला हवा होता. ताकद कमी आहे. व्यायाम काय करता?" ह्यांनी चाळीस मिनिटं, साडेपाच, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "चढ किती ठेवता?"

परत येताना हे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. एवढी दोन वर्षं न चुकता हप्ते भरले आणि पॉलिसीच निघाली भलती, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला मात्र राहवेना. मी भूगोल घेऊन बी. ए. झाले आणि इथे साताऱ्यात एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोलच शिकवते. नकाशावरच्या समोच्चरेषा मोजून चढ काढायला मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. तो चढ आमच्या घरात देवघराच्या भिंतीला लागून उभा होता!

तर ऐका. मशीनवरचा चढाचा आकडा हा टक्के असतो, अंश नव्हे. पाच टक्के चढ म्हणजे आडव्या शंभर मीटर अंतरात पाच मीटर वर जायचं. पंधरा आकडा बघून पुष्कळांना कोनमापकावरचे पंधरा अंश वाटतात. मुलाच्या कंपासपेटीतून कोनमापक काढून मी काढून बघितलं, पंधरा टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश होतात. दहा टक्के म्हणजे पावणेसहा अंशांच्या आतच. कागदावर ती रेघ इतकी सपाट दिसते की हसू येतं. पण पायांना कागद कळत नाही. कर्जतहून खंडाळ्याला चढणारा रेल्वेचा बोरघाट आपल्याला केवढा अवघड वाटतो! बहुतेक गाड्यांना वर ढकलायला मागे जादा इंजिनं लावावी लागतात. तिथला चढ आहे सदतीसास एक, म्हणजे २.७ टक्के. दवाखान्याच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार बांधतात तो बारास एक असावा असा नियम आहे, म्हणजे आठ टक्क्यांच्या जरा वर. माणूस बसलेली खुर्ची तुम्ही त्यावरून कधी ढकलली असेल, तर आठ टक्के काय असतात हे तुमच्या हातांना ठाऊक आहे.

आता टीएमटीचं कोडं बघा. ही पद्धत रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयतज्ज्ञांची. १९६३ सालची आहे आणि अजून जगभर तीच वापरतात. तिचा पहिला टप्पा, जो बघून हे हसले, तो २.७ वेगाचा खरा, पण चढ दहा टक्के. दुसरा बारा टक्के, तिसरा चौदा. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. चालताना शरीराला किती प्राणवायू लागतो, याचं एक सूत्र अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने दिलेलं आहे. त्यात वेग आणि चढ घातले की उत्तर येतं. गणित माझा विषय नव्हे, पण एवढा गुणाकार कुणालाही जमेल. मी रात्री भांडी आवरल्यावर वहीवर मांडून बघितलं. ह्यांचं रोजचं साडेपाचने सपाट चालणं आणि आमच्या सासूबाईंच्या वेगाचा तो पहिला टप्पा, यांत पहिला टप्पाच सव्वापट जड निघाला! म्हणजे टीएमटीच्या पहिल्याच मिनिटाला हे आपल्या दोन वर्षांच्या व्यायामाच्या पलीकडे जाऊन पोचले होते. सातव्या मिनिटापर्यंत टिकले हेच नवल म्हणायचं.

मग मला चाळाच लागला. ताशी पाचच्या वेगाने सपाटीवर चालायला जेवढे कष्ट पडतात तेवढे एक धरा. वेग एक किलोमीटरने वाढवून सहा केला, तर कष्ट वाढतात साधारण सातवा हिस्सा. तेच वेग पाचवरच ठेवून चढ एक टक्का केला तर वाढतात आठवा हिस्सा. म्हणजे जवळजवळ तेवढेच! पाच टक्क्यांवर ते दीडपटीहून जास्त होतात आणि दहा टक्क्यांवर सव्वादोनपट. आता सांगा, आपल्यासारखीने धापा टाकत वेग वाढवायचा, ओढणी सावरत पळायचं आणि खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खायची, की चाल आहे तीच ठेवून बटण दोनदा दाबायचं? पळताना दर पावलाला शरीर हवेत उडून खाली आदळतं. चढावर चालताना एक पाय कायम टेकलेला असतो. मार बसत नाही आणि छातीचा भाता मात्र चांगला चालतो.

गुडघ्यांचं विचाराल तर त्याचाही मी विचार केला. आमच्या साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारा, गुडघे कधी बोलतात? वर जाताना नव्हे, खाली उतरताना. मशीनवर उतरणं हा प्रकारच नाही. तुम्ही अर्धा तास चढता आणि जिथे होता तिथेच असता. (संसारातही असं पुष्कळदा होतं, पण ते असो.) चढाचा ताण येतो तो पोटऱ्यांवर, मांडीच्या मागच्या बाजूला आणि टाचेच्या वरच्या शिरेवर. म्हणून सुरुवातीला दोन दिवस पोटऱ्या धरल्या तर घाबरू नये, पण टाचेमागे कळ आली तर चढ लगेच कमी करावा. कमरेचं दुखणं असेल त्यांनी तर जपूनच. चढावर माणूस नकळत कमरेतून वाकतो. वाकायचंच तर घोट्यातून, सबंध शरीर सरळ ठेवून, जरासं पुढे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एवढंच, की वेग थोडा कमी करा, चढ एकेक टक्क्याने वाढवा, घाई नको, आणि छातीत, खांद्यात किंवा जबड्यात काही वेगळं वाटलं तर त्या क्षणी उतरा. घाई नको म्हणजे काय हे पुरुषांना सांगणं मोठं कठीण. त्यात मे महिन्यात वन्संची मुलगी सुटीला आली आणि तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बारा-तीन-तीस असं त्या व्यायामाचं नाव. लॉरेन जिराल्डो नावाच्या अमेरिकन मुलीने तो २०१९ मध्ये यूट्यूबवर सांगितला आणि पुढच्या वर्षी सगळीकडे त्याचंच खूळ झालं. बारा टक्के चढ, तीन वेग, तीस मिनिटं. हे तेव्हा तीन टक्क्यांवर होते. "मामा, तीन वेग म्हणजे काहीच नाही हो," असं ती म्हणाली आणि हे निघाले बूट घालायला.

मी म्हटलं, "थांबा. ते तीन मैल आहेत." अमेरिकेतल्या मशीनवर मैल असतात. तीन मैल म्हणजे आपले ४.८ किलोमीटर. त्या वेगाने अर्ध्या तासात होतात २.४ किलोमीटर, आणि त्याचे बारा टक्के म्हणजे जवळजवळ २९० मीटर उंची. मजला दहा फुटांचा धरला तर पंचाण्णव मजले! न थांबता. आपल्या मशीनवर तीन हा आकडा लावून आमच्या भाचीबाई रोज जे करत होत्या, तो त्या व्यायामाचा साधारण दोनतृतीयांश भाग होता, आणि तिच्या वयाला तो काही वाईट नाही. पण ज्या माणसाला जानेवारीत सातव्या मिनिटाला थांबवावं लागलं, त्याने मेमध्ये पंचाण्णव मजले चढायला निघायचं? त्या दिवशी आमच्याकडे आवाज चढले. हे म्हणाले, "तू मला म्हातारा करून ठेवणार." मी म्हटलं, "तेच तर मला करायचंय. तुम्हाला चांगलं म्हातारं झालेलं बघायचंय मला." बोलून गेले आणि स्वयंपाकघरात निघून आले. पाच मिनिटांनी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. सासूबाई हळूच बघून आल्या आणि मला चार बोटं दाखवली. तीनावरून चार.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहिली आहे. चढ वाढवायचा आणि पुढची दांडी घट्ट धरून मागे रेलायचं. असं केलं की शरीर पट्ट्याशी काटकोनात येतं, म्हणजे सपाटीवर चालताना असतं तसंच. वजनाचा भार हात घेतात आणि चढ गेला वाया. आकडा दहा दिसतो, पण पायांना त्यातलं फारसं काही पोचत नाही. तोल जातोय असं वाटलं तर धरावंच, वयस्कर माणसांनी तर नक्कीच. पण एरवी दांडी धरल्याशिवाय चालता येत नसेल, तर तो चढ आपला नव्हे असं समजावं आणि दोन टक्के खाली यावं. हात सुटे, बोलता येतंय पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, इतपत असावं. आमच्याकडे हे गृहपाठ तपासण्याइतकं सोपं आहे. मी स्वयंपाकघरातून ह्यांना भाजीचा भाव विचारते. उत्तर सबंध वाक्यात आलं तर ठीक चाललंय.

शेजारच्या काकूंचं मशीन निराळं. त्याला बटण नाही. पट्ट्याखाली खुंटी आहे, तिचे तीन टप्पे. मशीन बंद करून, खाली उतरून, हाताने बदलायची. कितवा टप्पा किती टक्के हे कुठेच लिहिलेलं नाही. काही मशीनवर तर नुसती 'लेव्हल' असते, आणि लेव्हल दहा म्हणजे दहा टक्के असतीलच असं नाही. त्याला सोपा उपाय आहे. शिवणाची टेप घ्यायची. पट्ट्याच्या कडेवर पुढे एक आणि मागे एक अशा खुणा करायच्या, दोन्ही खुणांची जमिनीपासून उंची मोजायची. दोन उंचींतला फरक भागिले खुणांमधलं अंतर, गुणिले शंभर. काकूंच्या खुणा १२० सेंटिमीटरवर होत्या आणि शेवटच्या टप्प्याला फरक आला पाच सेंटिमीटर. म्हणजे चार टक्के. काकूंचा चेहरा पडला, त्यांना वाटत होतं आपण डोंगर चढतोय. पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी चार टक्के ही काय साधी गोष्ट आहे? खुंटीच्या मशीनवर आणखी एक मौज असते. चढ किती आहे हे त्या मशीनला कळतच नाही, त्यामुळे त्यावरचा कॅलरीचा आकडा सपाटीचाच येतो. तसाही तो आकडा मी कुठल्याच मशीनवर फारसा मानत नाही. ज्या मशीनने माझं वजन विचारलं नाही, त्याने माझ्या कॅलरी सांगू नयेत.

पळणाऱ्यांकडून तुम्ही ऐकाल, की एक टक्का तरी चढ ठेवायचाच, नाहीतर बाहेरच्यासारखं होत नाही. त्यात तथ्य आहे, पण ते त्यांच्यापुरतं. जोन्स आणि डाउस्ट या दोघा संशोधकांनी १९९६ साली तसं दाखवलं होतं. बाहेर पळताना समोरून हवा अडवते, घरात ती नसते, म्हणून ती एक टक्क्याची भरपाई. पण त्यांचे पळणारे ताशी साडेदहा किलोमीटरच्या वर पळत होते. आपल्या चालीला हवा कसली अडवतेय! आपलं शून्य ते शून्यच.

घरात लहान मुलं असतील तर मशीनची सुरक्षा किल्ली काढून वर ठेवा, हे सांगायला नकोच. पण चढाचंही एक आहे. चढ दिला की पुढचा भाग उचलला जातो आणि खाली फट होते, आणि खाली आणताना ती बंद होते. तिथे मुलाचा हात, खेळणं किंवा मांजर नाही ना, ते वाकून बघावं. आमच्याकडे मांजर आहे. आणि चालून झालं की चढ शून्यावर आणून मगच मशीन बंद करायचं. घडीचं असेल तर ते शून्यावर आणल्याशिवाय घडी घालायची नाही.

मी स्वतः फेब्रुवारीत सुरुवात केली. ह्यांना सोबत म्हणून असं मी म्हणते, पण खरं सांगायचं तर ते गणित वहीत मांडल्यापासून मला गप्प बसवेना. शाळेतून आल्यावर आणि मुलं क्लासहून यायच्या आधी मला पंचवीस मिनिटं मिळतात. पहिली पाच मिनिटं शून्यावर, मग चढ, शेवटची चार-पाच पुन्हा उतरवत शून्यावर. वेग साडेचारच्या पुढे मी नेतच नाही. पहिल्या आठवड्यात दोन टक्क्यांना माझी जीभ बाहेर आली होती. आता शाळेचे तीन जिने वह्यांचा गठ्ठा घेऊन चढते आणि वर गेल्यावर लगेच हजेरी घेऊ शकते. वर्गातल्या मुलांना यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं.

ह्यांचा चढ सध्या आठ टक्के आहे, वेग पाच, वीस मिनिटं. सूत्राने पाहिलं तर टीएमटीच्या दुसऱ्या टप्प्याच्या अगदी जवळ. तिसरा अजून लांब आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होईल. पुढची टीएमटी दिवाळीनंतर ठरली आहे आणि या खेपेलाही मी त्या कोपऱ्यात उभी राहणार, असं सांगून ठेवलंय.

मशीनशेजारच्या भिंतीवर मी वहीचं एक पान चिकटवलं आहे. त्याचे दोन रकाने केलेत, एक ह्यांचा आणि एक माझा, रोजचा चढ लिहायला. माझ्या रकान्यात परवा नऊ लागला. हे पहाटे उठले की आधी बॅटरीच्या उजेडात माझा आकडा बघतात आणि मग चहा मागतात.